पोळपाट घेऊन वर गेले ती दुपार

आमच्या जुन्या चाळीत पापड लाटायला कोणी बसायचं आणि गच्चीवर कावळे हाकायला कोणी जायचं, हे ठरलेलं असे. लग्न झालेल्या बायका तिसऱ्या मजल्यावर खानावळवाल्या काकींच्या खोलीत पोळपाट मांडून बसत. बिनलग्नाच्या मुली लाटलेले पापड सुपात घेऊन गच्चीवर जात, जुन्या लुगड्यावर पसरत आणि हातात काठी घेऊन राखण करत. एखादी मुलगी सूप न्यायला दारात आली की आतलं बोलणं तुटायचं. "घेतलंस? मग पळ वर. ऊन जातंय," असं कोणीतरी म्हणायचं. ती लाकडी जिना चढून गेली की आत पुन्हा हसणं सुरू व्हायचं.

त्या जिन्याच्या खाली सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि वर कोणालाच काही नाही. मधे फक्त लग्न होतं.

आता ती चाळ नाही. करी रोडला त्याच जागेवर टॉवर झाला आणि आम्हाला त्यात घर मिळालं. मुलगा, सून, नात आणि मी. गच्ची आहे, पण तिला कुलूप असतं. पापड मी हॉलमध्ये पंख्याखाली चादरीवर वाळवते. मुलगा दर वर्षी म्हणतो, "आई, लालबागला पाहिजे तेवढे मिळतात, कशाला कंबर मोडतेस?" मिळतात, मला माहीत आहे. तरी चैत्र आला की माझे हात शिवशिवतात. उडदाचं पीठ दळून आणते, पापडखार, हिंग, मिरी घालते आणि एकटीच बसते. एकटीने लाटलेल्या पापडाला चव तीच असते, पण लाटताना ऐकायला काही नसतं.

या वर्षी पीठ दळून आणलं त्याच आठवड्यात नातीच्या शाळेत ते झालं.

नात बारा वर्षांची, सातवीतली. माझ्या घरात एवढं बोलणारं माणूस कसं जन्माला आलं याचं मला अजून नवल वाटतं. मी कंडक्टरकडे सुटे मागायला लाजते. दुकानात माझ्या मागून आलेला माणूस आधी सामान घेऊन जातो. ही मात्र लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी काकांना विचारते, "तुमचा कुत्रा एवढा जाडा का?" तिचे प्रश्न ऐकले की मला वाटतं, माझ्या वाटणीचे राहिलेले प्रश्न हीच विचारून टाकते आहे.

परीक्षा संपल्यावर, सुट्टी लागायच्या आधी, त्यांच्या शाळेत एक डॉक्टरबाई येणार होत्या. वयात येणं, शरीर, बाळ कसं होतं, हे सगळं सांगायला. मुलं आणि मुली एकत्र बसणार होती. एक तास बुधवारी आणि दुसरा शनिवारी.

बुधवारी नात घरी आली ती बूटसुद्धा न काढता फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. मी पोह्यांची ताटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"आजी, मी आता वर्गात कधीच काही विचारणार नाही. कधीच म्हणजे कधीच."

मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही, म्हणून लोक मला सांगतात, असा माझा अनुभव आहे. थोड्या वेळाने फ्रिजच्या दाराकडे बघतच ती बोलायला लागली.

"त्या बाईंनी सगळं सांगितलं. चित्रं दाखवली, नावं सांगितली. मग म्हणाल्या, एनी क्वेश्चन्स? कोणीच हात वर करत नव्हतं. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी. मी केला."

"मग?"

"मी विचारलं, पण हे सगळं करताना त्या दोघांना लाज नाही वाटत का?"

माझ्या हातातली ताटली मी ओट्यावर ठेवली.

"सगळे हसले आजी. मुलं हसली, मुली हसल्या, बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, स्वीट क्वेश्चन, शनिवारी बघू हं. आणि पुढे गेल्या. आता मला सगळे लाजाळू म्हणतात. मी जवळ गेले की पानं मिटल्यासारखे हात मिटतात. शनिवारी मी जाणार नाही."

ती आत जाऊन पालथी झोपली. मी पोहे झाकून ठेवले. जो प्रश्न ती भर वर्गात विचारून आली, तो माझ्या पोटात जन्मभर होता. तो मोठ्याने विचारता येतो हेच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आणि सून दोघंही कामावरून आल्यावर व्हायचं ते झालं.

"मी सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. "मुलामुलींना एकत्र बसवून कशाला हे? वेळ आली की कळतं सगळं. मला कोणी सांगितलं होतं? अडलं का माझं काही?"

"नाही ना अडलं?" सून म्हणाली. "मग लग्नानंतरचा पहिला आठवडा आठव जरा. सांगू का आईंना?"

मुलगा टीव्हीचा रिमोट शोधायला लागला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकायची विसरून मी तशीच थापत राहिले.

सून दादरची. तिची आई शिकलेली होती, तिने हिला लहानपणीच सगळं नीट सांगितलं. सूनही तशीच. तिने त्या रात्री जेवणं झाल्यावर नातीला सोफ्यावर शेजारी बसवलं, एक चित्रांचं पुस्तक उघडलं आणि शरीराच्या एकेका भागाचं नाव असं घेतलं की जणू मंडईत भाज्या सांगते आहे. मला तिचं खरंच कौतुक वाटलं. माझ्या तोंडून त्यातला एक शब्द मरेपर्यंत निघाला नसता. पण नातीने उशी तोंडावर ओढून घेतली.

"तू मला काहीही विचारू शकतेस बाळा."

"मला काही नाही विचारायचं."

"मग शनिवारी का नाही जायचं?"

"मम्मा, प्लीज. पुस्तक बंद कर ना."

सून आत आली. डोळे भरलेले होते. "आई, माझं काय चुकलं? मी सगळं बरोबर सांगितलं ना?"

बरोबरच सांगितलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिची काळजी वेगळी होती, माझी वेगळी. माहिती आज ना उद्या मुलीला मिळेल. पण एकदा बंद झालेलं तोंड उघडेल याची काय खात्री?

माझं तोंड असंच बंद झालं. मी गावी होते. चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढे काही वर्षांनी पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी घाबरून आईला विचारलं, "हे का झालं?" आईने डोळे वटारले, मागच्या पडवीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तिथे बस. आणि हे कोणाला विचारायचं नसतं." मी तीन दिवस पडवीत शेळीजवळ बसले. त्यानंतर मी कोणाला काही विचारलं नाही. एकोणिसावं वर्ष लागलं, लग्न ठरलं, तेव्हा हळद लावताना गावची माझी काकी कानाशी येऊन म्हणाली, "तो सांगेल तसं कर." माझं लैंगिक शिक्षण, जे आता शाळेत दोन तास चालतं, ते या एका वाक्यात आटोपलं.

फाल्गुनात लग्न झालं आणि मी मुंबईला आले. चाळीतली एक खोली. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही दोघं. आमच्या पलंगाला साडीचा पडदा होता. पडद्यापलीकडे सासऱ्यांचा खोकला. हे गिरणीत होते, तेव्हा तिसऱ्या पाळीला. रात्री जात, सकाळी येत, कापसाचे तंतू केसात घेऊन झोपत. महिना होऊन गेला तरी आमच्यात "पाणी हवं का" आणि "टॉवेल कुठे आहे" याच्या पलीकडे बोलणं झालं नव्हतं. मला वाटे, संसार म्हणतात तो हाच. काही कमी आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

चाळीला मात्र ठाऊक होतं. चाळीत नव्या जोडप्याला खोली मोकळी करून देण्याची एक रीत होती. कोणी बोलून दाखवत नसे. एखाद्या दुपारी सगळ्या मजल्याला अचानक कुठेतरी जायचं असे. शेजारीण मुलांना बागेत नेई, सासू देवळात जाई, दीर कॅरम खेळायला खाली जात. पापडाचे दिवस असले तर फारच सोयीचं, कारण बायका दुपारभर वर असत.

एके दिवशी सासू म्हणाली, "उद्या दुपारी आमी सगळ्यो वर पापडाक. पोरांक पण घेऊन जातंय. तू खोलीतच रव. तो निजलेलो असतलो, उठलो की च्या दी."

मी "हो" म्हटलं, पण मनात खट्टू झाले. सगळ्या सुना पापडाला आणि मी एकटी खोलीत? मला लाटता येत नाही असं वाटलं की काय यांना? की मी नवी म्हणून हात लावायचा नाही? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर गेल्या. हे पडद्याआड झोपलेले. मी भांडी घासली, लुगडी घडी केली, मग मला राहवेना. सगळ्या बायका राबताहेत आणि नवी सून बसून आहे, लोक काय म्हणतील! मी पलंगाखालून आमचा पोळपाट काढला. शिसवी, जाड, पायांचा. लाटणं कमरेला खोचलं, पदर डोक्यावर घेतला आणि जिना चढून वर गेले.

दारात उभी राहिले तशी खोली गप्प झाली. काकींच्या हातात दोरा होता, पिठाच्या लांब वळीच्या त्या दोऱ्याने लाट्या कापत होत्या. तो हात तसाच थांबला. मी म्हटलं, "मीपण लाटते. मला येतात पापड."

आधी एकजण फिसकन हसली. मग दुसरी. मग असं हसणं उठलं की कोणाचा पापड फाटला, कोणाचं लाटणं घरंगळत दाराबाहेर गेलं. एक बाई भिंतीला डोकं टेकून डोळे पुसत होती. "अगो, आम्ही हिच्यासाठी वर बसलोय आणि ही पोळपाट घेऊन आली गो!" सासूने कपाळावर हात मारला, तर कपाळाला पीठ लागलं आणि ते बघून सगळ्या पुन्हा हसल्या. वरून राखण करणाऱ्या मुली जिन्यावर डोकावल्या. "काय झालं गं?" "काही नाही. कावळे बघा तुम्ही!"

मला काहीच कळलं नव्हतं. एवढंच कळलं की माझं काहीतरी मोठं चुकलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. पोळपाट छातीशी धरून मी रडायला लागले.

खानावळवाल्या काकी उठल्या. विधवा बाई, आवाज मोठा, सकाळ-संध्याकाळ गिरणीतल्या एकट्या गड्यांना वाढणाऱ्या. त्यांनी माझ्या हातून पोळपाट घेतला, खाली ठेवला आणि मला मागच्या मोरीजवळ नेऊन तोंड धुवायला लावलं.

"गो बाय, तुका कोणीच काय सांगूक नाय?"

मी मान हलवली.

"बरां. माझ्या बाजूक बस. लाट आणि आयक. माझ्या तोंडाकडे बघू नको, पापडाकडे बघ."

मी त्यांच्या शेजारी बसले. लाटी घेतली, लाटायला लागले आणि काकी बोलायला लागल्या. पीठ किती घट्ट भिजवायचं ते सांगावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी मला सगळं सांगितलं. माझी नजर पोळपाटावर होती, त्यांची त्यांच्या पोळपाटावर. कान तापले होते, पण हात चालत होते. हात चालत असले की माणूस ऐकू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि ह्यो हसल्यो म्हणून वाईट वाटून घेव नको. त्यो तुका हसणत नाय, आपापल्याक हसतत. विचार एकेकीक."

मी कसली विचारणार! पण विचारावं लागलं नाही. एकीने आपणहून सांगितलं की लग्नानंतर चार दिवस ती पोट दुखतं म्हणून शेजारच्या खोलीत म्हातारीजवळ झोपत होती, शेवटी म्हातारीनेच कंटाळून काढा पाजला. दुसरी म्हणाली, तिच्या नवऱ्याला मित्रांनी सांगितलं होतं की बायकोला आधी खूश करायचं असतं, तेव्हा त्याने तिला एकाच आठवड्यात इतके सिनेमे दाखवले की तिला घेरी आली. मग काकी म्हणाल्या, "आणि आमच्यात एक होती, तिका गावाक कोणीतरी सांगितलेला की नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवला की मूल होता. तिका इतक्यात मूल नको होता. म्हणून ती नवऱ्याचा उरलेला गपचूप मांजरीक घाली."

"मग?" मी विचारलं. माझ्याच आवाजाने मी दचकले.

"मग काय? मांजरीक झाली चार पिल्लां आणि तिका झालो मुलगो!"

"कोण ती?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. माझी सासू, जिच्यासमोर मी मान वर करत नसे, ती कपाळावरचं पीठ पुसत म्हणाली, "हसा गो, हसा. तोच मुलगो खाली निजलेलो आसा."

मी हसले. मुंबईला आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. रडू आणि हसू एकाच श्वासात येत होतं, आणि पापड मात्र गोल आला होता.

जाताना काकींनी माझा पोळपाट ठेवून घेतला. म्हणाल्या, "हो माझ्याकडेच रवांदे. पुढल्या खेपेक हातात काय नसला म्हणजे वर येवची नाय." काही महिन्यांनी त्यांनीच तो खाली आणून दिला.

त्या खोलीचं नुसतं गोडच सांगितलं तर ते खरं होणार नाही. आमचं शिक्षण हसतखेळत होत होतं, पण ते फक्त जिन्याखाली होतं. वर राखण करणाऱ्या मुलींमधली एक, दुसऱ्या मजल्यावरची, माझ्याशी गच्चीवर गजगे खेळायची, ती एका गणपतीनंतर अचानक दिसेनाशी झाली. गावी पाठवली म्हणाले. का पाठवली ते बायका पापड लाटताना खालच्या आवाजात बोलल्या. त्या दिवशी कोणी हसलं नाही. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणी हात लावला तर ओरडायचं, एवढंसुद्धा नाही. ती अजून कावळे हाकायच्या वयाची होती, म्हणून. शाळेतल्या डॉक्टरबाई मुलींना लग्नाच्या आत, वेळेवर सगळं सांगतात हे ऐकते तेव्हा मला तिची आठवण होते, आणि मुलगा काही म्हणो, मला वाटतं, सांगू दे.

पण शाळेत सगळी मुलं फळ्याकडे तोंड करून बसतात. सुनेने समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं. काकींनी मला त्यांच्या तोंडाकडे बघू दिलं नव्हतं. यातलं कुठलं बरोबर ते ठरवायला मी कोण? मला एवढंच दिसत होतं की नात उशीखाली गेली आहे, शनिवार जवळ येतो आहे, आणि घरात पीठ भिजवून ठेवलेलं आहे.

शुक्रवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी हॉलमध्ये चादर पसरली, दोन पोळपाट मांडले.

"आजी, दुसरा कोणाचा?"

"तुझा."

"मी नेहमी वाळत घालते ना फक्त?"

"आज लाट."

ती बसली. तिची पहिली लाटी चिकटली, दुसरीला भोक पडलं. मी माझ्या पोळपाटाकडे बघत होते. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. सुनेलाही नाही. लाटता लाटता म्हटलं, "एकदा मला सगळी चाळ हसली होती."

"तुला? का?"

मी सांगितलं. सगळं नाही, तिच्या वयाला झेपेल तेवढं. रीत सांगितली, सासूने खोलीत राहा म्हटलं ते सांगितलं, आणि मी पोळपाट घेऊन दारात कशी उभी राहिले ते सांगितलं. क्षणभर तिला कळलं नाही. मग कळलं. लाटणं टाकून ती मागे आडवी झाली आणि पोट धरून हसली. "आजी! तू पापड लाटायला गेलीस! ओ गॉड, आजी!"

मांजरीचं सांगितलं तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली.

परत येऊन बसली आणि लाटायला लागली. पापड नकाशासारखा पसरत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला राग नाही आला त्यांचा? हसल्याचा?"

"आला होता. पण त्यांच्या सगळ्यांच्या पोटात तेच होतं. तुझ्या वर्गातल्यांच्याही असेल. तू विचारलंस, त्यांनी विचारलं नाही, एवढाच फरक."

तिने नवी लाटी घेतली. "आणि आजोबा? ते काय करत होते तेव्हा?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी संध्याकाळी खाली आले तेव्हा हे उठले होते. स्टोव्हवर चहा करून दोन कप भरून ठेवले होते आणि माझ्या कपावर बशी झाकली होती. त्यांनी विचारलं, "झाले पापड?" मी म्हटलं, "झाले." त्यांनी कप पुढे केला. चहावर जाड साय आली होती. माझ्यासाठी कोणी चहा करून ठेवण्याची ती पहिलीच वेळ. तो गार चहा मी पूर्ण प्यायले. त्या दिवशी आमच्यात एवढंच झालं.

पुढे पुष्कळ वर्षांनी, गिरणी बंद पडून हे घरी असायचे तेव्हा, दोघं चहा पीत असताना एकदा म्हणाले, "तू त्या दिवशी पोळपाट घेऊन वर गेलीस ना, तेव्हा मी जागाच होतो. जिन्यावर तुझी पावलं ऐकली आणि मला हायसं वाटलं. गिरणीत माझ्या खात्यातले लोक नुसते चिडवायचे. सांगायचं कोणीच नाही. मला भीती वाटत होती. लाजसुद्धा."

हे जाऊन आता काही वर्षं झाली. नातीला ते खिशातून खडीसाखर काढून देत, एवढं तिला आठवतं. त्यांचं हे बोलणं मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे वाटते," ती म्हणाली.

"वाटते गं. दोघांनाही वाटते."

पंखा फिरत होता. चादरीचं एक टोक उडालं, तिने त्यावर वरवंटा ठेवला आणि पुढचा पापड लाटायला घेतला.

शनिवारी सकाळी ती काही न बोलता दप्तर घेऊन निघाली. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. दुपारपर्यंत माझं कशात लक्ष लागेना. वाळलेले पापड डब्यात भरले, परत काढले, परत भरले.

ती आली, बूट काढले आणि थेट डब्याकडे गेली. "माझा कुठला? भाज ना एक."

मी गॅस लावला. विचारायचं धाडस झालं नाही. तिनेच सांगितलं.

"मी परत तोच प्रश्न विचारला."

"हसली मुलं?"

"हसली. मीपण हसले त्यांच्याबरोबर. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, हो मॅडम, सांगा ना, आम्हालापण माहीत नाही. मग सगळे गप्प झाले."

"आणि डॉक्टरबाई?"

"त्या म्हणाल्या, वाटते. आणि म्हणाल्या, लाज वाटली, भीती वाटली, नको वाटलं, तर थांबायचं आणि सांगायचं. दुसऱ्याने ते ऐकायचंच. मोठं झाल्यावरपण. लग्न झाल्यावरपण."

मी चिमट्याने पापड उलटा केला. हे काकींनी सांगितलं नव्हतं. त्यांना खूप ठाऊक होतं, पण बाईने थांब म्हणायचं असतं हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नसणार. मी त्या दुपारी तोंडाने काही म्हटलं नव्हतं. नुसता पोळपाट उचलून वर गेले. पण खोलीत जागं असलेल्या माणसाने मला हाक मारली नाही. त्याने उठून चहा केला. त्याला कुठल्या शाळेत हे शिकवलं होतं?

नात वेडावाकडा पापड मोडून खात होती. अर्धा तिने माझ्या हातावर ठेवला. मग ओट्याखाली वाकून शिसवी पोळपाट ओढून काढला.

"हाच नेलेलास ना तू?"

"हाच."

तिने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. "आजी, केवढा जड आहे! आणि जिना चढून?"

"हो," मी म्हटलं, "जिना चढून."